सिसिंगहर्स्ट : पडक्या गढीभोवतीची शेती

(विद्यापीठाच्या रब्बी शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे हरभऱ्याचे वाण किंवा ठिबकची निगा असा विषय नाही, हे पाहून दोघा-तिघांनी मला सकाळीच गाठले. "साहेब, विलायतेतल्या पडक्या वाड्याशी आमचं काय काम?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. उत्तर थोड्या वेळाने देईन. आधी तुम्ही स्वतःच्या गावाकडे एकदा नजर टाका. आपल्याकडे बहुतेक मोठ्या गावात देशमुखाची किंवा पाटलाची एक गढी असते. तिच्या भिंती ढासळलेल्या, बुरुजावर पिंपळ उगवलेला. गढीची पांढरी माती कोणी घर लिंपायला नेली, कोणी बैलगाडीने शेतात टाकली. गढीचा इतिहास विचारला की म्हातारी माणसे लढाया सांगतात. मात्र त्या गढीखालच्या जमिनीचे पुढे काय झाले, कोणी कसली, तिला खत कोणी घातले, हे कोणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या एका जागेचा तो हिशेब मला वाचायला मिळाला. तो तुमच्यापुढे मांडतो. ती जागा मी पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जागेचे नाव सिसिंगहर्स्ट. लंडनच्या आग्नेयेला केंट नावाचा परगणा आहे, त्याच्या वील्ड या भागात ती येते. जमीन भारी, चिकण. हिवाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते, भेगा पडतात. आपल्या काळ्या जमिनीशी तिचे हे नाते आहे. वाफसा फार थोडे दिवस टिकतो. दोन दिवस आधी नांगर घातला तर चिखल, दोन दिवस उशिरा घातला तर ढेकळे. तिथले जुने शेतकरी खड्डे खणून चुनखडीयुक्त माती काढत आणि शेतात पसरत. आपण तलावातला गाळ ओढतो तसे. ते खड्डे पुढे पाण्याने भरले. त्यांची डबकी वील्डमध्ये आजही शेतोशेती दिसतात.

मध्ययुगात तिथे खंदक असलेला एका जमीनदाराचा वाडा होता. पुढे बेकर घराण्याने ती मालमत्ता घेतली. आठव्या हेन्रीच्या दरबारातला सर जॉन बेकर हा त्यातला नावाजलेला माणूस. त्याच्या मुलाने १५६० च्या दशकात विटांचा भव्य वाडा आणि मधोमध उंच मनोरा उभा केला. १५७३ साली एलिझाबेथ राणी तीन रात्री तिथे मुक्कामाला होती. वाड्याभोवती सुमारे सातशे एकरांचे हरणांचे रान राखले होते. म्हणजे कसण्याजोगी जमीन शिकारीसाठी पडीक ठेवली, हा तेव्हाचा मोठेपणा. मग यादवी युद्ध आले, राजाच्या बाजूने राहिल्याबद्दल दंड भरावा लागला, आणि १६६१ मध्ये घराण्यातला शेवटचा पुरुष वारल्यावर मालमत्ता मुलींमध्ये वाटली गेली. वाटण्या झाल्या की मोठ्या वाड्याला कोणीच वाली राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

१७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात सरकारने तो रिकामा वाडा भाड्याने घेतला आणि पकडलेले फ्रेंच खलाशी त्यात कोंडले. एका वेळी तीन हजारांपर्यंत कैदी तिथे होते असे सांगतात. थंडीत त्यांनी दारे, तक्तपोशी, जे लाकूड हाती लागेल ते जाळले. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास पुढे ज्याने लिहिला तो गिबन तेव्हा लष्करात होता आणि काही काळ या कैद्यांवर पहाऱ्याला होता. मोडकळीला आलेल्या मोठेपणाचे पहिले दर्शन त्याला तिथेच झाले असावे, असा आपला माझा तर्क. फ्रेंच कैदी त्या वाड्याला आपल्या भाषेत 'शातो' म्हणत, आणि त्यावरूनच लोक त्याला 'कॅसल' म्हणू लागले. खरे तर तो किल्ला कधीच नव्हता. नाव मिळाले ते तुरुंग झाल्यावर! १८०० च्या सुमारास बराचसा वाडा पाडला, विटा-दगड आसपासच्या बांधकामांत गेले. मनोरा, देवडी आणि एक-दोन तुकडे तेवढे उरले.

इथपर्यंतचा भाग इतिहासाच्या पुस्तकांत असतो. आपला विषय यापुढे सुरू होतो.

१७९६ मध्ये जवळच्या क्रॅनब्रुक गावाने तो वाडा आणि जमीन भाड्याने घेऊन तिथे गावातल्या निर्धनांसाठी काम काढले. ज्यांना काम नाही, ज्यांना पोसणे गावाच्या डोक्यावर आहे, अशांना पडक्या वाड्यात राहायला जागा द्यायची आणि भोवतालची शेती त्यांच्याकडून करून घ्यायची. सुमारे शंभर माणसांना त्यातून काम मिळे. ही व्यवस्था १८५५ पर्यंत चालली. रोजगार हमीचे हे जुने रूप म्हणा. गरिबांना ते किती सुखाचे होते याविषयी मला शंका आहे, परंतु एक गोष्ट निश्चित झाली. एके काळी जी जमीन बडेजावासाठी होती ती पिकाखाली राहिली.

१८५५ साली जमीन मालकांकडे परत गेली. हे मालक मान-कॉर्नवॉलिस घराण्यातले. कॉर्नवॉलिस हे नाव तुमच्या ओळखीचे आहे. बंगालात १७९३ साली कायमधारा पद्धत लावणारा गव्हर्नर जनरल तो. त्याच्या भावाने मान घराण्यातली मुलगी केली होती आणि त्या बाजूने ही जमीन त्या घराण्यात आली. या मालकांच्या अमदानीत तिथे नवे शेतघर बांधले गेले, आणि एका कर्त्या कुळाच्या हाती सलग शेती आली. पडक्या मनोऱ्यात आणि देवडीत शेतमजूर राहू लागले.

त्या शेतीचा कणा होता हॉपचा वेल. बिअरला कडू चव आणि टिकाऊपणा येतो तो या वेलाच्या बोंडांमुळे. तुमच्यापैकी जे द्राक्षबागायतदार आहेत त्यांनी इथे नीट लक्ष द्यावे. हॉपची लागवड गड्ड्यांच्या फुटव्यापासून करतात, वेल वर्षानुवर्षे राहतो, आणि त्याला उंच खांब, तारा व दोऱ्यांचा मांडव लागतो. रोग तरी कोणते? भुरी आणि केवडा! भुरीवर गंधकाची धुरळणी, केवड्यावर मोरचूद-चुन्याचे मिश्रण. तासगावचा बागायतदार केंटमध्ये नेऊन सोडला असता तर फवारणीचे वेळापत्रक त्याने न विचारता लावले असते.

या वेलाची भूक मोठी. नुसत्या शेणखतावर भागत नसे म्हणून यॉर्कशायरच्या गिरण्यांतून लोकरीचा टाकाऊ चुरा आणून घालत. लोकरीत नत्र असते आणि ते हळूहळू सुटते. आता साखळी कशी होती ती पाहा. हॉपला खत हवे म्हणून गोठा हवा. गोठ्याला वैरण आणि पेंढा हवा म्हणून गवताळ राने आणि गहू-बार्ली हवी. मांडवाला खांब हवेत म्हणून रानात गोड चेस्टनटची झाडे राखत. ती दर बारा-पंधरा वर्षांनी बुंध्याशी तोडत आणि बुंध्यातून पुन्हा सरळ फुटवे घेत. सफरचंदाच्या बागेतले गवत मेंढ्या खात आणि लेंडीखत तिथेच पडे. एकही धंदा एकटा उभा नव्हता. आपल्याकडे ऊस, म्हैस आणि बांधावरची बाभूळ यांचा असाच संसार होता. तो कधी मोडला हे आठवून पाहा.

काढणी सप्टेंबरात असे. तीन-चार आठवडे लंडनच्या पूर्व भागातली गरीब कुटुंबे मुलाबाळांसह केंटमध्ये येत, शेतावरच्या खोपटांत राहत आणि बुशेलच्या मापावर मजुरी घेत. बायाबापड्यांसाठी वर्षातली तेवढीच हवापालट. आपल्या ऊसतोड टोळ्यांसारखे हे स्थलांतर. फरक एवढाच की ते शहराकडून खेड्याकडे होते. तोडलेली बोंडे ओली असत, पाण्याचे प्रमाण पाऊण हिश्शाहून जास्त. ती त्याच दिवशी भट्टीवर चढवावी लागत. त्यासाठी उंच, वर निमुळत्या छपराची वाळवणघरे बांधत. खाली विस्तव, वर जाळीदार तक्तपोशीवर बोंडांचा थर, आणि ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत रात्रभर जागरण. वाळवणारा कारागीर हंगामभर त्या घरातच झोपे. बोंड हातात चुरगाळून त्याला कळे की थर उलथायचा कधी. एक तास चुकला की वर्षाची कमाई करपली. बेदाण्याच्या शेडवर किंवा हळदीच्या कढईपाशी रात्र काढलेल्या माणसाला ही धाकधूक समजावून सांगावी लागणार नाही. सिसिंगहर्स्टची ती वाळवणघरे अजून उभी आहेत.

इंग्लंडात हॉपखालचे क्षेत्र १८७८ मध्ये सर्वांत जास्त, सुमारे ७२ हजार एकर झाले आणि त्यानंतर घसरत गेले. भाव पडले की बागा उपटायच्या, चढले की लावायच्या, हा तिथलाही रोग. शेवटी १९३२ मध्ये हॉप विक्री मंडळ स्थापन झाले. कोणी किती माल विकायचा याचा कोटा ते ठरवून देई. पन्नास वर्षे त्या मंडळाने भावाला टेकू दिला. त्याच दरम्यान केंटमध्ये १९२४ साली मर रोग प्रथम दिसला. बुरशी जमिनीतली असल्यामुळे फवारणीने जात नाही. बाग उपटून जमीन सोडून द्यावी लागते किंवा प्रतिकारक वाण लावावे लागते. पुढे तोडणीची यंत्रे आली, लंडनची कुटुंबे यायची थांबली, बिअर करण्याची पद्धत बदलली, परदेशचा माल आला. १९८० च्या दशकात मंडळही बरखास्त झाले.

आता मधली एक महत्त्वाची गोष्ट. सिसिंगहर्स्टची जमीन मालक स्वतः कसत नव्हता, कूळ कसत होते. मग कुळाने दुसऱ्याच्या जमिनीत वर्षामागून वर्षे शेणखत, लोकर का घातली? याचे एक उत्तर कायद्यात आहे. १८७५ साली इंग्लंडात शेतजमिनीचा एक कायदा झाला आणि १८८३ साली तो सक्तीचा करण्यात आला. कूळ जमीन सोडून जाताना त्याने केलेल्या सुधारणांची, आणि जमिनीत मुरलेल्या पण अजून पिकाने न घेतलेल्या खताची भरपाई त्याला मालकाकडून मिळू लागली. चारलेल्या पेंडीचे शेण शेतात पडले असेल तर त्यातले किती खतमूल्य पुढच्या हंगामांसाठी शिल्लक राहते, याचे तक्ते रोथॅमस्टेडच्या लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी तयार केले. मुरलेल्या खताची किंमत रुपये-आणे-पैमध्ये! मला स्वतःला या साऱ्या इतिहासात वाड्यापेक्षा आणि राणीपेक्षा हा तक्ता मोठा वाटतो.

१९३० मध्ये सिसिंगहर्स्ट विक्रीला होते. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे यजमान हॅरॉल्ड निकल्सन यांनी पडका वाडा, शेतघर आणि चारशेवर एकर जमीन १२,३७५ पौंडांना घेतली. वाड्यात वीज नव्हती, नळ नव्हता. जिथे आज जगप्रसिद्ध बाग आहे तिथे खाजकुयलीसारखी झोंबणारी झुडपे, मोडकी अवजारे, पत्र्याचे डबे आणि गंजलेल्या खाटा होत्या. कचरा काढायलाच तीन वर्षे लागली. शेती त्यांनी कुळाकडेच ठेवली आणि स्वतः पाच-सहा एकरांत, पडक्या भिंतींच्या आडोशाने बाग केली. भिंती पडल्या होत्या म्हणून ती बाग निघाली, आणि प्रत्येक चौक वेगळा ठेवता आला. पडझडीचा असा उपयोग मी दुसरीकडे वाचलेला नाही. १९३८ पासून एक शिलिंग घेऊन लोकांना बाग दाखवू लागले.

दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाई असताना गवताळ राने नांगरली गेली, आणि पुरुष लढाईवर गेल्यामुळे महिला कृषी दलातल्या मुलींनी केंटमधली शेते सांभाळली. युद्धानंतरही हॉप, सफरचंद, गाई, मेंढ्या, धान्य असे सगळे या शिवारात होते. व्हिटा १९६२ मध्ये वारल्या. वारसा कराचा बोजा एवढा होता की मुलाने १९६७ मध्ये वाडा, बाग आणि जमीन 'नॅशनल ट्रस्ट' या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केली.

पुढची तीस वर्षे बाग बहरत गेली आणि शेती आटत गेली. वर्षाला दीड-दोन लाख माणसे बाग पाहायला येऊ लागली. हॉप गेले, सफरचंदाच्या बागा उपटल्या गेल्या, गोठा रिकामा झाला, बांधावरची कुंपणझाडे काढून शेते मोठी केली गेली. १९९० च्या दशकाअखेर कुळाचा करार संपल्यावर जमीन शेजारच्या शेतकऱ्यांना वाटून दिली. ते लांबून ट्रॅक्टर घेऊन येत, पेरत, फवारत, कापत आणि निघून जात. शेतावर राहणारे कोणी उरले नाही. कोणाचाच यात अन्याय नव्हता. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. बागेच्या तिकिटावर सगळे चालत असताना शेणात हात घालायचा कोणी?

व्हिटा यांचा नातू अॅडम निकल्सन हा लेखक. बालपणी त्याने तिथे गाई आणि हॉप पाहिले होते. २००४ मध्ये वडील वारल्यावर तो तिथे राहायला आला, आणि त्याला दिसले की उपाहारगृहात रोज शेकडो माणसे जेवतात, पण ताटातला एकही घास भोवतालच्या चारशे एकरांतला नाही. त्याने संस्थेपुढे योजना मांडली : पुन्हा मिश्र शेती करायची, भाजीपाला लावायचा, गाई-मेंढ्या-कोंबड्या आणायच्या, आणि जे पिकेल ते उपाहारगृहात वाढायचे. २००८ साली त्याने यावर पुस्तकही लिहिले, त्याच्या नावातच 'अपुरा इतिहास' असे शब्द आहेत. जुन्या नकाशांवरून त्याने शेतांची नावे हुडकली. एकाचे नाव फ्रॉगमीड, म्हणजे बेडकांचे कुरण. नावावरूनच कळते की तिथे पाणी साचते. आपल्याकडे 'पाणथळ', 'चोपण', 'गायरानाची पट्टी' ही नावे गट नंबर आल्यावर नाहीशी होत चालली आहेत. मृद सर्वेक्षणाचे काम ती नावे फुकटात करत होती.

योजना सोपी वाटते, पण अडचणी पहिल्या दिवसापासून होत्या. बागेच्या माळ्यांना वाटे, शेती आली की नीटनेटकेपणा जाईल. स्वयंपाकघराला वाटे, रोज सारखा माल मिळाला नाही तर पदार्थांची यादी लावायची कशी? एका आठवड्यात घेवडा ढिगाने येतो, दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर इंग्लंडात शेतात तोडायला फारसे काही नसते. हिवाळी कोबीवर्ग संपलेला आणि उन्हाळी भाजी लागायची. याला ते लोक भुकेची खिंड म्हणतात. शेतमाल थेट विकायचा म्हटले की ज्याला विकायचा त्याच्या चुलीचे वेळापत्रक पाहावे लागते. २००८ मध्ये स्वयंसेवकांच्या मदतीने भाजीपाल्याचा मळा सुरू झाला. त्या वर्षीचा उन्हाळा पावसाळी, चिकण माती, आणि पहिलेच वर्ष. तरी मळा टिकला आणि उपाहारगृहात त्यातला माल जाऊ लागला. बीबीसीने २००९ मध्ये दाखवलेल्या मालिकेत ही सगळी ओढाताण, भांडणांसकट, आली आहे. माणसे चिडलेली दिसतात म्हणून ती मला खरी वाटली.

महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्यानंतर माझ्याकडे येणारे बरेच तरुण झोपाळा, तंबू आणि हुरड्याचा आराखडा घेऊन येतात. त्यांना मी एकच विचारतो, पाहुण्याच्या ताटात तुमच्या शेतातले काय असेल, आणि ते कोणत्या महिन्यात असेल? बारा महिन्यांचा तक्ता भरून आणा, मग कर्जाचे बोलू. बहुतेक तक्त्यांत मार्च ते जून ही चार घरे कोरी असतात. आपली भुकेची खिंड ती.

आता सकाळच्या प्रश्नाचे उत्तर. माझ्या गावी आम्हा तिघा भावांची मिळून सात एकर जमीन आहे. वडील गेल्यावर तिघेही नोकरीनिमित्त बाहेर. आम्ही जमीन ठोक्याने दिली. दर वर्षी जो जास्त देईल त्याला. कुळकायद्याचा धसका, म्हणून कागद नाही आणि सलग दोन वर्षे एक माणूस नाही. चौदा वर्षे मी तुम्हाला व्यासपीठावरून हेक्टरी शेणखताच्या गाड्या सांगत होतो. माझ्या स्वतःच्या शेतात त्या चौदा वर्षांत एक पाटी पडली नाही. ठोकेकऱ्याने का टाकावी? पुढच्या वर्षी तो तिथे नसणार. गेल्या उन्हाळ्यात मी मातीचे दोन नमुने घेतले. एक शेताच्या मधला, एक बांधाच्या कडेचा, जिथे नांगर पोचत नाही. बांधाकडेला सेंद्रिय कर्ब ०.७१ टक्के निघाला आणि मधोमध ०.२९. प्रयोगशाळेतल्या मुलाने सवयीने मलाच सल्ला दिला, "काका, शेणखत वाढवा."

त्यानंतर आम्ही दोघा भावांनी असे ठरवले आहे. जमीन ठोक्याने न देता निम्म्या वाट्याने, गावातल्या एकाच कुटुंबाला द्यायची. त्याच्या घरी चार जनावरे आहेत. खताचा खर्च सगळा आमचा. दर वर्षी एक तृतीयांश क्षेत्राला एकरी दहा गाड्या, म्हणजे तीन वर्षांत फेरा पुरा. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरे बसवायची, त्याचे धान्य आम्ही द्यायचे. हरभरा-तूर यांची फेरपालट तो ठरवील, कारण शेत तो पाहतो. आणि दर तिसऱ्या वर्षी त्याच दोन ठिकाणचा नमुना काढून आकडे त्याच्या घरात भिंतीवर लिहायचे. कागद कसा करायचा, हे वकिलाला आणि तलाठी कार्यालयात विचारूनच करा. माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

धाकट्या भावाचा होकार अजून आलेला नाही. ठोक्याचे रोख पैसे त्याला दर अक्षय्य तृतीयेला लागतात, आणि त्याचेही म्हणणे खोटे नाही. तो दिवाळीला गावी येतो आहे. पहिल्या गाड्या मात्र मी वैशाखातच टाकून घेतल्या, पाणथळाकडच्या तुकड्यात.

कोणाला काही विचारायचे असेल तर मृद चाचणीच्या दालनात मी दुपारी चारपर्यंत आहे. नमुना आणला असेल तर सोबत शेताचे जुने नाव लिहून आणा.